मासा लागेलच, अशी हमी देऊ नका: फ्लोरिडाच्या फिशिंग गाइडकडून शिकण्यासारखा धंदा



सर्व्हिसचा रेट कसा ठरवायचा, या आपल्या व्हिडिओत मी दोनेक मिनिटं फ्लोरिडातल्या फिशिंग गाइडचं उदाहरण दिलं होतं. व्हिडिओत वेळ कमी पडतो, म्हणून ते उदाहरण आज इथे सविस्तर घेतोय. सोबत माझं एक मतही मांडतोय. आमच्याच ट्रेनिंग लाइनमधल्या बऱ्याच जणांना ते पटणार नाही, तरी मांडतो.

आजकाल प्रत्येक सेमिनारमध्ये एक सल्ला मिळतो. "कस्टमरला रिझल्टची गॅरंटी द्या, रिझल्ट नाही आला तर पैसे परत, मग बघा बुकिंग कसं वाढतं." माझ्या मते नव्या माणसासाठी हा सल्ला धोक्याचा आहे. जे आपल्या हातात आहे त्याची शंभर टक्के हमी द्यावी. जे आपल्या हातात नाही ते विकूच नये, मग गिऱ्हाईकाने कितीही आग्रह केला तरी. हे नीट समजून घ्यायला मासेमारीच्या गाइडइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही. कारण त्याचा धंदा अशा गोष्टीवर उभा आहे, जी त्याच्या हातात कधीच नसते.

हा धंदा नेमका काय आहे?

अमेरिकेच्या आग्नेय टोकाला फ्लोरिडा राज्य आहे. एका बाजूला अटलांटिक महासागर, दुसऱ्या बाजूला मेक्सिकोचं आखात. आखाताच्या बाजूला टॅम्पा बे नावाची मोठी खाडी आहे. मोठी म्हणजे पसरलेली, खोल नाही. तिची सरासरी खोली साधारण १२ फूट. काठाने खारफुटी, तळाला समुद्री गवत, मध्येमध्ये कालवांचे खडक. कोकणातल्या माणसाला हे चित्र परकं वाटणार नाही. फरक भरती-ओहोटीचा. मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर वर-खाली होतं, तिकडे हा फरक बहुतेक वेळा मीटरभरही नसतो. पण तेवढ्याशा हालचालीवर मासा खायला बाहेर येणार की खारफुटीत गप्प बसणार, हे ठरतं.

या उथळ पाण्यात, किनाऱ्याला धरून, छोट्या बोटीतून गळाने मासे धरायचे. याला तिकडे इनशोअर फिशिंग म्हणतात. गिऱ्हाईक बहुतेक सुट्टीवर आलेलं असतं. त्याच्याकडे बोट नाही, गळ नाही, जागेची माहिती नाही. मग तो चार्टर बुक करतो, म्हणजे कॅप्टनसकट अख्खी बोट काही तासांसाठी भाड्याने घेतो. चार तासांच्या अर्ध्या दिवसाच्या ट्रिपचा रेट साधारण ४०० ते ६०० डॉलरच्या दरम्यान असतो. ५०० धरले तरी आपल्या हिशोबाने ४०,००० रुपयांच्या पुढे जातात. हा रेट माणशी नसून बोटीचा असतो, आणि वर टिप देण्याची पद्धत आहे.

आता असं वाटेल की बोट घेतली, गळ घेतले की झाला धंदा सुरू. तसं नाहीये. पैसे घेऊन प्रवासी नेणाऱ्या कॅप्टनकडे अमेरिकेच्या कोस्ट गार्डचं लायसन्स लागतं. अशा छोट्या बोटींसाठी जे लायसन्स असतं, त्यावर जास्तीत जास्त सहा पैसे देणारे प्रवासी नेता येतात, म्हणून बोलीभाषेत त्याला 'सिक्स-पॅक' म्हणतात. ते मिळवायला ३६० दिवस पाण्यावर काम केल्याची नोंद दाखवावी लागते. शिवाय परीक्षा, मेडिकल, ड्रग टेस्ट आणि प्रथमोपचाराचं सर्टिफिकेट. राज्याचं चार्टर लायसन्स वेगळं. ते असलं की गिऱ्हाईकाला मासेमारीचं स्वतःचं लायसन्स काढावं लागत नाही. म्हणजे गिऱ्हाईकाची कागदपत्रांची डोकेदुखीसुद्धा गाइड आपल्या अंगावर घेतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

उन्हाळ्यातली गंमत

फ्लोरिडात जून ते सप्टेंबर हा उन्हाळा. त्यांचा पावसाळाही तेव्हाच. शाळांना सुट्ट्या, कुटुंबं फिरायला बाहेर, म्हणजे गिऱ्हाईक भरपूर. पाण्यात मासाही भरपूर. पण आता नियम बघा.

तिकडे ज्या माशासाठी लोक वेडे होतात त्यातला एक स्नूक. रायगडकरांनी जिताडा आठवा. स्नूक हा दिसायला आणि सवयीला त्याचा चुलतभाऊच. खारफुटीच्या मुळांशी दबा धरून बसणारा, आणि जिताड्यासारखाच आधी नर असून मोठा झाल्यावर मादी होणारा. उन्हाळ्यात स्नूक अंडी घालायला खाडीच्या मुखाशी गोळा होतो. म्हणून टॅम्पा बेच्या भागात १ मे ते ३१ ऑगस्ट स्नूक ठेवायला बंदी. धरा, फोटो काढा, लगेच सोडा. बंदी उठल्यावरसुद्धा माणशी एकच, आणि तोही २८ ते ३३ इंचांच्या मधला. त्याहून लहान सोडायचा, कारण तो अजून वाढायचाय. त्याहून मोठाही सोडायचा, कारण मोठे मासे बहुतेक माद्या असतात आणि पुढची पिढी त्यांच्याकडूनच येते. आणि कॅप्टनने स्वतःच्या वाट्याचा म्हणून एक मासा गिऱ्हाईकाच्या पेटीत टाकायचा म्हटलं, तर तेही चालत नाही. पैसे घेऊन केलेल्या ट्रिपवर कॅप्टनचा स्नूकचा वाटा शून्य.

दुसरा मासा टार्पन. चांदीसारखा चमकणारा, पन्नास किलोच्या आसपासचा, गळाला लागला की पाण्याबाहेर उड्या मारणारा. बोका ग्रांड पास नावाच्या खाडीमुखाशी मे-जूनमध्ये टार्पनसाठी जगभरातून लोक येतात. २०१३ पासून फ्लोरिडात टार्पन फक्त धरून सोडायचा मासा आहे. विक्रमाची नोंद करायची असेल तरच खास टॅग विकत घेऊन तो ठेवता येतो. ४० इंचांपेक्षा मोठा टार्पन फोटोसाठीसुद्धा पाण्याबाहेर उचलायचा नाही.

तिसरा रेडफिश. तो १८ ते २७ इंचांच्या मापात बसला तरच ठेवायचा. अटलांटिककडच्या इंडियन रिव्हर लगूनमध्ये तर २०२२ मध्ये तोही सोडूनच द्यायचा नियम आला.

(हे नियम भागाप्रमाणे आणि वर्षाप्रमाणे बदलतात. तिकडे राहणारे आपले मराठी मित्र हे वाचत असतील तर जाण्याआधी फ्लोरिडाच्या फिश अँड वाइल्डलाइफ कमिशनची साइट बघूनच जा.)

आता धंद्याच्या नजरेने बघा. सीझन ऐन भरात आहे, गिऱ्हाईक दारात उभं आहे, आणि सगळ्यात जास्त मागणी असलेला 'माल' घरी न्यायला कायद्याने बंदी. आपल्याकडे एखाद्या दुकानदाराला सांगा की ऐन दिवाळीत कस्टमर फटाके बघेल, हातात घेईल, फोटो काढेल आणि परत तुझ्याकडेच ठेवून जाईल, तरी तू पूर्ण पैसे घे. तो म्हणेल, वेड लागलंय का? आणि तरी गाइड लोक उन्हाळाभर बुकिंग घेतात, पूर्ण रेट घेतात, आणि लोक आनंदाने देतात.

मग पैसे कशाचे घेतो?

गिऱ्हाईकाला चार तास दिसतात. गाइडचा दिवस त्याच्या बराच आधी सुरू होतो. टॅम्पाकडे जूनमध्ये सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो. त्याच्या आधीच तो पाण्यावर असतो, जिवंत आमिष धरायला. आपल्या कोकणात ज्याला पाग म्हणतात, तसलंच गोल फेकायचं जाळं टाकून तो छोटे रुपेरी मासे गोळा करतो. ते बोटीतल्या टाकीत सोडायचे, टाकीत सतत ताजं पाणी आणि हवा खेळती ठेवायची. आमिष मेलं तर सकाळ गेली.

मग गिऱ्हाईकाला घ्यायचं, लाइफ जॅकेट दाखवायचं, लहान मुलाला गळ कसा टाकायचा ते शिकवायचं. भरतीची वेळ, वाऱ्याची दिशा, काल कुठे हालचाल होती, हे सगळं डोक्यात ठेवून जागा निवडायची. उथळ पाण्यात इंजिन बंद करून लांब काठीने बोट ढकलायची, कारण आवाजाने मासा पळतो. मासा लागला की ओल्या हाताने धरायचा, आडवा आधार द्यायचा, पटकन फोटो, आणि परत पाण्यात सोडताना तो दमलेला असेल तर पोहायला लागेपर्यंत धरून ठेवायचा. उन्हाळ्यात हे जास्तच जपावं लागतं. उथळ पाणी ३० अंशांच्या आसपास किंवा वर जातं, आणि गरम पाण्यात विरघळलेला प्राणवायू कमी असतो. दमलेला मासा लवकर सावरत नाही. संध्याकाळी बोट धुवायची, रीळ साफ करायचे, मिठाचा थर काढायचा. चार तासांच्या ट्रिपसाठी त्याचे सात-आठ तास सहज जातात.

यातली कुठली गोष्ट त्याच्या हातात नाही? एकही नाही. वेळेवर येणं, जिवंत आमिष, चालू इंजिन, लायसन्स, जागेचं ज्ञान, शिकवण्याची पद्धत, माशाची काळजी, माणसाची सुरक्षितता. सगळं त्याच्या हातात. तो हेच विकतो. मासा तोंड उघडेल की नाही, हे माशाच्या हातात आहे. ते तो विकत नाही.

माझ्या मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानात पाण्यात पडलेले फोन येतात. पावसाळ्यात तर रोज. मी काउंटरवर स्पष्ट सांगतो, "दादा, उघडून, साफ करून, बोर्ड तपासून देण्याचे इतके पैसे. फोन चालू होईलच असं सांगत नाही. चालू झाला नाही तरी तपासणीची फी लागेल, आणि नेमकं काय गेलंय ते मी दाखवीन." काही लोक निघून जातात. जे थांबतात ते भांडत नाहीत. हाच तो गाइडचा नियम, फक्त मासा वेगळा.

हमी दिली तर काय होईल?

काही गाइड 'मासा नाही तर पैसे नाहीत' अशी जाहिरात करू शकतात. मार्केटिंगवाला म्हणेल, हिशोब सोपा आहे. समजा महिन्यात २० ट्रिप, ५०० डॉलरने १०,००० डॉलर. त्यातल्या ३ ट्रिपना मासा लागला नाही, १,५०० परत केले. पण जाहिरातीमुळे ४ ट्रिप जास्त मिळाल्या, २,००० आले. फायदाच ना? (आकडे फक्त समजावण्यासाठी धरलेत.)

कागदावर फायदा दिसतो. पण या हिशोबात एक गोष्ट धरलेलीच नाही. हमी दिल्यावर गाइड स्वतः बदलतो.

विचार करा. सकाळचे साडेदहा झालेत, अजून काही लागलं नाही. हमी नसलेला गाइड गिऱ्हाईकाच्या मुलाला गळ नीट टाकायला शिकवत बसेल, चांगल्या जागी भरतीची वाट बघेल. हमी दिलेला गाइड त्या मुलाच्या हातातला गळ काढून स्वतः टाकायला लागेल. चांगली जागा सोडून जिथे बोटभर लांबीचे मासे पटापट लागतात तिथे बोट नेईल, कारण "मासा लागला" एवढं सिद्ध झालं की त्याचे पैसे वाचले. गिऱ्हाईकाला स्नूक बघायचा होता. त्याला चिंगळा-पिंगळा मासा दाखवून हमी पूर्ण केली. कायद्याने खोटं काही नाही, पण गिऱ्हाईक फसलंच.

किंवा ३४ इंचांचा स्नूक लागला, मापापेक्षा एका इंचाने जास्त. गिऱ्हाईक म्हणतं, "राहू दे ना, कोण बघतंय? गॅरंटी दिलीय तुम्ही." हमी नसलेला गाइड सरळ सांगू शकतो, "साहेब, मी तुम्हाला मासा विकलेला नाही." हमी दिलेल्याची जीभ अडखळते, कारण त्याने खरंच मासा विकलेला आहे. एका माशासाठी अख्खं लायसन्स धोक्यात.

हमीमुळे जाणारा पैसा मोजता येतो. हमीमुळे रोज थोडं थोडं वाकडं वागायची सवय लागते, ती कुठल्या वहीत दिसत नाही.

आणि वीज

ही गोष्ट तर जिवाशी खेळणारी आहे, म्हणून वेगळी सांगतो.

फ्लोरिडा हे दोन समुद्रांच्या मध्ये पुढे आलेलं जमिनीचं बोट आहे. उन्हाळ्यात जमीन तापते, दोन्हीकडून समुद्री वारे आत येतात, एकमेकांना भिडतात आणि दुपारी गडगडाटी पाऊस उभा राहतो. विजांच्या बाबतीत फ्लोरिडा अमेरिकेत अगदी वरच्या राज्यांत. आणि अमेरिकेत मोकळ्या वेळात वीज पडून जे लोक गेले, त्यांच्या २००६ पासूनच्या नोंदी बघितल्या तर मासेमारी करणारे सगळ्यात जास्त आहेत. कारण साधं आहे. उघडं पाणी, हातात उंच काठी, आडोसा नाही, आणि परत यायला वेळ लागतो. तिकडच्या हवामान खात्याचा नियम असा की गडगडाट ऐकू आला की आत जा, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर तीस मिनिटं बाहेर येऊ नका.

म्हणून उन्हाळ्यात शहाणे गाइड पहाटे निघतात आणि दुपारी ढग उभे राहायच्या आत परततात. कधीकधी ढग लवकर येतात. सव्वाअकरा वाजलेत, क्षितिजावर काळं दिसतंय, अजून पाऊण तास बाकी आहे आणि मासा लागलेला नाही. जो माणूस वेळ, बोट आणि शहाणपण विकतो, त्याच्यासाठी निर्णय सोपा आहे. बोट वळवायची, गरज पडली तर उरलेल्या वेळेचे पैसे सोडायचे किंवा दुसरी तारीख द्यायची. ज्याने मासा विकलाय आणि ज्याचे ५०० डॉलर त्या पाऊण तासावर टांगलेले आहेत, त्याच्या मनात येतं, "अजून दहा मिनिटं." ही दहा मिनिटं बोटीतल्या लहान पोरांच्या जिवावर असतात.

म्हणूनच मी म्हणतो, हमी हा फक्त मार्केटिंगचा विषय नाही. आपण कशाचे पैसे घेतो, त्यावर अडचणीच्या वेळी आपण कसे वागणार हे आधीच ठरलेलं असतं.

भांडवल कुठे ठेवलंय ते ओळखा

गाइडचं भांडवल कुठे आहे? बोटीत आहे, इंजिनात आहे, हे दिसतंच. पण खरं मोठं भांडवल पाण्यात पोहतंय, आणि ते त्याच्या मालकीचं नाही. आज नीट सोडलेला स्नूक पुढच्या महिन्यात दुसऱ्या गिऱ्हाईकाला आनंद देऊ शकतो. दुकानातला माल एकदाच विकला जातो, सोडलेला मासा पुन्हा पुन्हा कमाई देतो.

जानेवारी २०१० मध्ये फ्लोरिडात कडाक्याची थंडी पडली. स्नूक उष्ण पाण्यातला मासा, प्रचंड प्रमाणात मेला. आखाताच्या बाजूला स्नूक ठेवण्यावर जी बंदी आली ती १ सप्टेंबर २०१३ ला उठली. पुढे २०१७ च्या अखेरीस 'रेड टाइड' सुरू झाली, म्हणजे एका सूक्ष्म शैवालाची विषारी वाढ. ती २०१८ भर चालली. किनाऱ्यावर मेलेल्या माशांचे खच पडले, ऑगस्ट २०१८ मध्ये राज्याने आणीबाणी जाहीर केली, आणि नैर्ऋत्य फ्लोरिडात स्नूक पुन्हा फक्त 'धरा आणि सोडा' झाला, तो थेट सप्टेंबर २०२१ पर्यंत. त्यानंतर वादळं आहेतच. २०२२ मध्ये इयन, २०२४ मध्ये हेलेन आणि पाठोपाठ मिल्टन.

ज्या गाइडने गिऱ्हाईकाला 'पेटीभर मासे' हीच सवय लावली होती, त्याने ही तीन-तीन वर्षं काय विकायचं? आणि ज्याने पहिल्यापासून सकाळ, शिकवण आणि पाण्याची ओळख विकली, त्याचं काम बंदीतही चालू शकतं. फोर्ट मायर्सच्या भागातल्या मासेमारी गाइडनी २०१६ मध्ये 'कॅप्टन्स फॉर क्लीन वॉटर' नावाची संस्था काढली, खाडीत येणाऱ्या खराब पाण्याविरुद्ध आवाज उठवायला. आपलं भांडवल कुठे आहे हे कळलेला माणूस असं करतो.

आपल्याकडेही १ जूनपासून पावसाळी मासेमारी बंदी लागते, आणि कारण तेच, माशांना वाढू द्यायचं. नियम आला की धंदा बुडाला असं समजणारे उद्योजक मी खूप बघतो. माझं म्हणणं, नियमाला रेटकार्डात जागा द्या. "या महिन्यात हा मासा ठेवता येत नाही" हे बुकिंगच्या वेळीच सांगणाऱ्या गाइडवर गिऱ्हाईक जास्त विश्वास ठेवतं.

"सर, आपल्याकडे हे चालत नाही"

हे मला हमखास ऐकायला मिळतं. तिकडचे लोक श्रीमंत आहेत, आपलं गिऱ्हाईक आधी दाखवा म्हणतं, बाजूचा माणूस गॅरंटी देतोय, मी नाही दिली तर गिऱ्हाईक तिकडे जाईल.

हा मुद्दा खोटा नाही. सुरुवातीला काही गिऱ्हाईकं जातील. पण एकदा दापोली-मालवणकडे डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या बोटींचा विचार करा. "डॉल्फिन दिसणारच" म्हणून भरलेली बोट, आणि डॉल्फिन नाही दिसला तर उतरताना होणारी भांडणं. आणि "तासाभराची फेरी, समुद्रातून किल्ला जवळून दाखवतो, डॉल्फिन बहुतेक सकाळी दिसतात, नाही दिसले तर पैसे परत मिळत नाहीत" असं आधी सांगून भरलेली बोट. दुसऱ्या बोटीत दोन माणसं कमी बसतील. पण उतरताना तिथे कोणी शिव्या देत नाही, आणि डॉल्फिनच्या मागे इंजिन पळवून त्यांना हैराण करायची वेळही येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. "हमी द्यायची नाही म्हणजे कामचुकारपणाला मोकळं रान." हे मला मान्य आहे, आणि म्हणूनच पहिला अर्धा नियम विसरू नका. गाइड उशिरा आला, आमिष मेलेलं होतं, इंजिन बंद पडलं, बोटीत लाइफ जॅकेट कमी होते, तर पैसे परत. तिथे "समुद्र आहे, चालायचंच" हे कारण चालत नाही. क्लासवाला विद्यार्थ्याच्या ९० टक्क्यांची हमी देऊ शकत नाही. पण दर आठवड्याला पेपर तपासून मिळतील, याची हमी त्याने द्यायलाच हवी, आणि नाही दिली तर फी परत करायला हवी. हुरडा पार्टीवाला थंडी पडेल याची हमी देऊ शकत नाही, पण कणसं त्या दिवशी सकाळी तोडलेली असतील याची देऊ शकतो. हातातल्या गोष्टीची हमी द्यायची ताकद नसेल, तर हमी न देण्याचा हक्कही नाही.

तुमच्या धंद्यासाठी आजचं काम

एक कागद घ्या, मध्ये उभी रेघ मारा.

१. डावीकडे लिहा: माझ्या हातात काय आहे? वेळ, स्वच्छता, सामानाचा दर्जा, माझी माहिती, कागदपत्रं, फोन उचलणं. यातल्या प्रत्येकासमोर हमी लिहा आणि ती मोडली तर काय देणार, तेही लिहा.

२. उजवीकडे लिहा: काय हातात नाही? हवामान, गिऱ्हाईकाची मेहनत, सरकारी परवानगीची तारीख, बाजारभाव. यातलं काहीही तुमच्या जाहिरातीत वचन म्हणून आलंय का, ते तपासा. आलं असेल तर आजच काढा.

३. उजवीकडच्या प्रत्येक गोष्टीसाठी एक ओळीचा नियम करा. "पावसामुळे रद्द झालं तर दुसरी तारीख, ॲडव्हान्स परत नाही" किंवा उलट. काहीही ठेवा, पण बुकिंगच्या आधी व्हॉट्सॲपवर लेखी जाऊ द्या.

४. गिऱ्हाईकाला न दिसणारे तास मोजा. गाइडचे चार दिसतात, सात-आठ जातात. तुमचे किती? रेट त्यावर लावा.

५. तुमचं कुठलं भांडवल तुमच्या मालकीचं नाही, ते लिहा. विहिरीचं पाणी, गावाचं नाव, गल्लीतली शांतता, समुद्र. ते टिकवायला वर्षात एक तरी काम करा.

पहिल्या कॉलममध्ये दोनच ओळी भरल्या आणि दुसरा कॉलम पानभर झाला, तर घाबरू नका, पण बुकिंग घ्यायची घाईही करू नका. आधी डावीकडची बाजू वाढवा. त्या ३६० दिवसांसारखं, पाण्यावर दिवस भरल्याशिवाय गिऱ्हाईक बोटीत बसवायचं नाही.

पुढच्या व्हिडिओत याच कागदावरून रेटकार्ड कसं बनवायचं ते घेऊया. कागद तयार ठेवा. भेटू!